दुबईचा शेख आणि आपला रुपया

दुबईची नोकरी लागली तेव्हा पेढा तोंडात टाकत शेजारच्या काकांनी विचारलं, "काय रे, भाईची भेट होणार का?" सगळे हसले, मीही हसलो. हिंदी सिनेमाने आपल्याला दुबईची दोनच माणसं दाखवली. एक पांढऱ्या झग्यातला, पैसे उधळणारा बावळट शेख आणि दुसरा फोनवर हुकूम सोडणारा डॉन. मधे सोन्याची बिस्किटं. हॉलिवूडही मागे नाही म्हणा. जॅक शाहीन यांनी २००१ साली नऊशेहून जास्त सिनेमे तपासून पुस्तक लिहिलं. त्यातले बहुतेक अरब खलनायक, नाहीतर विदूषक.

इथे आल्यावर साईटवर एक वयस्कर अमिराती सहकारी भेटले. हिंदी फर्मास बोलायचे. एकदा त्यांनी पाकिटातून जुनी नोट काढून दाखवली. दहा रुपयांची, आपल्या रिझर्व्ह बँकेची, पण रंग वेगळाच! म्हणाले, "आमचे आजोबा मोती विकायला मुंबईला जायचे. तेव्हा श्रीमंत तुम्ही होतात."

मग मी वाचायला लागलो. आखातात तेव्हा आपलाच रुपया चालायचा. १९०९ साली दुबईत उघडलेलं पहिलं पोस्टही हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. १९२९ ची मंदी आणि जपानचे कल्चर्ड मोती, यांनी मोत्यांचा धंदा बसला. पुढे सोनं आलं. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, दुबईत व्यापार खुला. गलबतं सोनं घेऊन आपल्या किनाऱ्याला यायची आणि त्याच्या बदल्यात रुपये आखातात जायचे. ते रुपये परत आले की भारताला परकीय चलन मोजावं लागे. म्हणून १९५९ साली खास आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. सहकाऱ्यांची नोट त्यातलीच. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि दुबईने रुपया सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये.

हे सगळं मी उत्साहाने त्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या सिनेमात सोनं पाठवणारा दिसतो. घेणारा का नाही दिसत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोळ्यांसमोर आईच्या लग्नातल्या पाटल्या आल्या. लग्न १९६५ चं. ते सोनं कुठून आलं, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. पडद्यावरच्या स्मगलरला शिव्या मात्र सगळ्यांनी घातल्या.

आज इकडे 'हिंदी' म्हटलं की अनेकांना हेल्मेटवाला मजूर तेवढा आठवतो, तेव्हा मला राग येतो. पण काकांच्या विनोदावर मीही हसलोच होतो की!

गेल्या सुट्टीत काकांनी पुन्हा तोच प्रश्न केला. या वेळी मी त्यांना नोटेची गोष्ट सांगितली. काका जरा वेळ गप्प बसले, मग काकूंच्या गळ्याकडे बघून म्हणाले, "विषय बदल."

असो.