साठी, बुद्धी आणि शाळेची पाटी

आपल्याकडे म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी'. यमक जुळलं की माणसाला वाटतं, सिद्धांतच सिद्ध झाला. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सवयीने पहिला प्रश्न मनात येतो तो असा: साठीला बुद्धी जाते हे मोजलं कोणी, कशाने मोजलं, आणि ज्याची मोजली त्याला प्रश्न तरी कळला होता का? आज या मोजण्याचाच इतिहास बघू या.

तो फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ च्या सुमारास रोमच्या सिसेरोने वार्धक्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो ग्रीक नाटककार सोफोक्लीसची गोष्ट सांगतो. सोफोक्लीस अतिवृद्ध झाला. नाटकं लिहिण्याच्या नादात घरच्या मिळकतीकडे दुर्लक्ष करतो म्हणून मुलांनी त्याला कोर्टात खेचलं. म्हणणं काय, तर बाप भ्रमिष्ट झालाय, कारभार काढून घ्या. सोफोक्लीसने नुकतंच लिहीत असलेलं नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवलं आणि विचारलं, हे भ्रमिष्टाचं काम वाटतं का? तो सुटला.

ही गोष्ट गडमुडशिंगीत कुणाला परकी वाटू नये. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावची एमआयडीसी, तिसरीकडे गांधीनगरची कापडपेठ. अशा जागी गुंठ्याला भाव आला की घरातल्या म्हाताऱ्याच्या बुद्धीची चौकशी सुरू होते. आणि आपल्या म्हाताऱ्यांकडे वाचून दाखवायला नाटक नसतं. अंगठा असतो.

आता विज्ञानाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत बुद्धिमापनाच्या चाचण्या तरुणांना आणि वृद्धांना एकाच वेळी देत, गुण वयानुसार मांडत आणि आलेख खाली घसरताना दिसला की म्हणत, बघा, वय वाढलं की बुद्धी घटते. १९५६ साली वॉर्नर शाय या संशोधकाने सिॲटल शहरात वेगळं काम सुरू केलं. त्याने दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं. मग दिसलं की बराचसा उतार वयाचा नव्हताच, तो पिढ्यांमधल्या फरकाचा होता. वृद्धांची पिढी शाळेत कमी वर्षं गेली होती, तरुणांची जास्त. एकाच माणसाचा पाठपुरावा केला तर बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकून असतात. झटपट काम करण्याचा वेग आधी मंदावतो, शब्दसंपत्ती उशिरा.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशात त्या काळी ही फार पुढची गोष्ट होती. पण कायदा झाला म्हणून शेण-गोठ्यातून, भांगलणीतून मुलींची लगेच सुटका झाली नाही. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी पाटी हातात धरली नाही. आज त्यांच्या लेकी-सुना सत्तरीत आहेत, आणि त्यांच्यातही सही न येणाऱ्या आहेत. अशा बाईची आणि पदवीधर नातवाची बुद्धी एकाच पट्टीने मोजली, तर आपण नेमकं काय मोजलं? वय, की शाळा?

हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन दांपत्याने आणि एका सहकाऱ्याने तीस गुणांची छोटी चाचणी तयार केली. आज काय तारीख, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, कागदावर लिहिलेली सूचना वाचा आणि तसं करा, एक वाक्य लिहा, आकृती काढा. जगभरचे डॉक्टर ती वापरू लागले. आता ही चाचणी आमच्या एखाद्या आजीपुढे ठेवा. डेअरीत घातलेल्या दुधाचा दहा दिवसांचा हिशोब तिच्या तोंडावर असतो, कुठल्या भावकीत कोणाची सोयरीक झाली ते ती चार पिढ्या मागं जाऊन सांगते. पण वाचा म्हटलं की शून्य, लिहा म्हटलं की शून्य. तारीख? ती म्हणेल, परवा एकादशी झाली. कागदावर आजी आजारी ठरली!

ही अडचण ओळखून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी एकत्र काम केलं. डॉ. मेरी गांगुली त्यात प्रमुख होत्या. ५५ वर्षांवरची ५,१२६ माणसं तपासली, आणि त्यातली ७३ टक्के निरक्षर. त्यांनी चाचणी नुसती हिंदीत उतरवली नाही, प्रश्नच नव्याने घडवले. शंभर उणे सातऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा. 'डोळे मिटा' असं वाचून करायच्या जागी, माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा. वाक्य लिहायच्या जागी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. मला हे काम फार मोलाचं वाटतं. मोजमापाच्या पाठीमागे काय गृहीत धरलंय, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं नुसतं बोलत राहतो. या मंडळींनी ते गृहीतक एकेका प्रश्नातून उपसून काढलं.

शिवाय त्यांनी घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावली केली. जेवण झाल्याचं विसरून पुन्हा वाढा म्हणतात का? होळी, दिवाळी कधी आहे ते लक्षात असतं का? घरातल्या लग्नासारख्या गोष्टीत मत देतात का? या प्रश्नांना शाळा लागत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू आहे, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. चाचणी अन्याय करते म्हणून 'वय झालंय, चालायचंच' असं म्हणणं हाही अन्यायच. १९०६ साली जर्मनीत अल्झायमर यांनी ज्या बाईचा आजार मांडला ती दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. त्यामुळे पुढची कित्येक दशकं हा तरुणपणी होणारा दुर्मीळ आजार समजला गेला. म्हाताऱ्यांचं विसरणं म्हणजे नुसतं वय. १९७६ च्या सुमारास कॅट्झमन यांनी ठासून सांगितलं की दोन्ही एकच आहे. आपल्याकडे 'म्हातारचळ' हा शब्द त्या जुन्या समजुतीचाच वारस. तो उच्चारला की घरात हसणं होतं आणि दवाखाना टळतो.

आता भारताचे आकडे. मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देशभर वृद्धत्वाचा मोठा अभ्यास करते. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची ७२ हजारांहून अधिक माणसं होती. त्याला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला: साठीवरच्या शंभरात सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे देशात साधारण ८८ लाख. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. बल्लभगडला ६५ वर्षांवरच्या शंभरात दोनही निघाले नव्हते. पद्धती वेगळ्या, काळ वेगळा, माणसं आता जास्त जगतात, म्हणून या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करू नका.

स्त्रियांत आणि खेड्यांत जास्त, याचं एक कारण पुन्हा शाळेपाशीच जातं. शिक्षण नुसते चाचणीतले गुण वाढवतं असं नाही. लहानपणीचं शिक्षण मेंदूला पुढच्या झिजेविरुद्ध काहीशी शिल्लक देतं, असं आज बरेच संशोधक मानतात. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात अपुरं शिक्षण आहे, रक्तदाब, मधुमेह आहे, एकटेपण आहे, ऐकू न येणं आहे. म्हणजे १९१७ चा हुकूम सत्तर वर्षांनंतरच्या म्हातारपणासाठीही होता. महाराजांनी तो त्यासाठी काढला नव्हता, हे वेगळं.

समाधानाचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम शिरूर तालुक्यातल्या वढू भागात १९७०च्या दशकापासून चालतं, ते डॉ. बानू कोयाजींनी उभं केलं. तिथे २००७ साली पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांना प्रकृती आणि जगण्याबद्दल विचारलं. स्त्रिया, जास्त वयाचे, कमी शिकलेले, गरीब, यांनी स्वतःला कमी बरं सांगितलं. आता शंका येईल, की 'बरं हाय' या उत्तरावर विश्वास काय ठेवायचा? आम्हा कोल्हापूरकरांना तर कसंही असलं तरी 'निवांत' म्हणायची खोड. पण तिथल्या गावांत जन्ममृत्यूची नोंद कायम ठेवतात. पुढे ताडून पाहिलं, तर ज्यांनी प्रकृती वाईट सांगितली होती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. माणूस स्वतःविषयी सांगतो, त्यात तथ्य असतं.

तेव्हा आजी-आजोबा भलतंच उत्तर द्यायला लागले, तर सातबाऱ्याच्या आधी त्यांचे कान बघा. निम्मे प्रश्न ऐकूच आलेले नसतात, आणि न ऐकलेल्या प्रश्नाला हसून 'हो' म्हणायची त्यांना सवय झालेली असते. सीपीआरमध्ये कानाची तपासणी होते. रक्तदाब आणि साखरही त्याच फेरीत बघून घ्या. विसरणं वाढत असेल तर सोबत घरातलं असं माणूस न्या, जे रोज त्यांच्या ताटाशेजारी बसतं. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यालाच असतात.