मर्फीच्या नियमाची गोष्ट

छत्री घरी राहिली की नेमका पाऊस येतो. बँकेत आपण रांग बदलली की आधीची रांग भराभर पुढे सरकते. पाहुणे दारात उभे आणि गॅस संपलेला! आपण 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणून कपाळाला हात लावतो. कुणी म्हणतं, "मर्फीचा नियम, दुसरं काय!" जे बिघडू शकतं ते बिघडणारच, असा हा नियम. पण मंडळी, हा मर्फी कोण? आणि तो खरंच एवढा रडका होता का?

गोष्ट १९४९ सालची. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या हवाई तळावर डॉ. जॉन पॉल स्टॅप हे लष्करी डॉक्टर एक प्रयोग करत होते. रुळांवरून रॉकेटच्या जोरावर गाडी सोडायची आणि एकदम थांबवायची. वैमानिकाचं शरीर किती हिसका सोसू शकतं, हे पाहायचं होतं. गाडीत अनेकदा स्वतः स्टॅपच बसत. हा हिसका नीट मोजण्यासाठी कॅप्टन एडवर्ड मर्फी हे अभियंते नवी उपकरणं घेऊन आले. चाचणी झाली आणि आकडा आला शून्य! उपकरणं दोन तऱ्हांनी जोडता येत होती आणि ती सगळीच्या सगळी उलटी जोडली गेली होती. मर्फी वैतागून जे बोलले, त्याचा अर्थ असा, की चूक करायला वाव असेल तर माणूस ती करणारच.

स्टॅप यांनी मात्र या वैतागातलं शहाणपण ओळखलं. पत्रकारांना त्यांनी सांगितलं, की आम्ही हा नियम मानतो, म्हणूनच आमच्याकडे मोठे अपघात होत नाहीत. काय काय चुकेल याचा विचार ते आधीच करून ठेवत. १९५४ साली हेच स्टॅप ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगानं जाऊन दीड सेकंदाच्या आत थांबले आणि जिवंत राहिले. पुढे मोटारीतल्या सुरक्षा पट्ट्यांसाठीही त्यांनी आग्रह धरला.

पाव नेहमी लोण्याच्या बाजूनंच का पडतो, याचंही उत्तर रॉबर्ट मॅथ्यूज या ब्रिटिश अभ्यासकानं १९९५ मध्ये दिलं. त्यात नशिबाचा काही दोष नाही. टेबलाच्या उंचीवरून घसरलेल्या पावाला जमिनीवर पोचेपर्यंत साधारण अर्धीच गिरकी घेता येते, इतकंच!

आपल्या घरातला तीन पिनांचा प्लग पाहा. त्याची एक पिन जाड असते, म्हणून तो उलटा बसतच नाही. मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, तोही याचसाठी. चूक होणार हे कुणीतरी आधी मान्य केलं, म्हणून आपली चूक टळली.

तेव्हा औषधाच्या दोन सारख्या बाटल्या एकाच फळीवर दिसल्या, तर "मी लक्ष ठेवीन" असं म्हणू नका. एक बाटली आजच दुसरीकडे हलवा. मर्फीचं म्हणणं एवढंच होतं.