डोंगर चढलेली पाण्याची रेघ

भूगोलाच्या वहीत समोच्च रेषा काढताना आपण डोंगर काढतोय असंच वाटायचं. पण या रेघेचं माहेर डोंगरात नाही, पाण्यात आहे.

१५८४ साली पीटर ब्राउन्स या डच मोजणीदाराने स्पार्ने नदीच्या नकाशावर सारख्या खोलीच्या जागा एका रेघेने जोडल्या. ज्या मुलखात धड टेकडी नाही, तिथे या रेघेने जन्म घ्यावा! पण नड त्यांचीच होती. पाणी कुठे उथळ आहे ते कळलं नाही, तर जहाज गाळात रुतणार.

ती डोंगरावर चढली स्कॉटलंडमध्ये, तीही भलत्याच कामासाठी. १७७४ साली राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन शिहॅलियन डोंगरावर महिनोन् महिने मुक्काम ठोकून होते. डोंगर ओळंब्याला स्वतःकडे किती ओढतो, हे त्यांना मोजायचं होतं. डोंगर केवढा हे ठाऊक असलं, तर त्या ओढीवरून पृथ्वी किती जड तेही काढता येतं. ओढ मोजून झाली. डोंगराचं माप राहिलं. अंगाखांद्यावरच्या शेकडो जागांच्या उंचीचे आकडे गणिती चार्ल्स हटनपुढे येऊन पडले. हा गडी पोरवयात न्यूकॅसलच्या कोळसाखाणीत राबलेला. आकड्यांच्या गर्दीत डोंगर काही दिसेना. मग त्याने सारख्या उंचीचे बिंदू फिक्या रेघेने जोडत नेले, आणि कागदावर डोंगर उभा राहिला. पृथ्वी पाण्याच्या साडेचारपट घन, असं उत्तर निघालं. आज आपण साडेपाचपट मानतो. उत्तर मागे पडलं, रेघ टिकली.

पुढे उंची मोजण्याचं काम अवकाशात गेलं. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ६० मीटर लांब दांडा बाहेर काढला आणि दोन्ही टोकांच्या रडारने, दोन डोळ्यांनी अंतर जोखावं तशी, ११ दिवसांत जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची टिपली. अडखळलं ते नेमकं पाण्यावर. संथ पाण्यावरून लहरी भलतीकडेच निसटतात. त्यामुळे तळी-धरणांच्या जागी भोकं पडली, आणि ती मागाहून सपाट करून घ्यावी लागली.

आपल्याकडे माळावर सलग समतल चर, म्हणजे सारख्या उंचीवरून जाणारे चर, आखताना मात्र अजूनही दोन काठ्यांना बांधलेली, पाणी भरलेली पारदर्शक नळी चालते. एकाने काठी धरून थांबायचं, दुसऱ्याने उतारावर वर-खाली सरकत राहायचं. दोन्हीकडचं पाणी एकाच खुणेला आलं, की तिथे फक्की टाकायची.