सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: एका तक्रारीचा इतिहास

आज आपण एका तक्रारीचा इतिहास पाहणार आहोत. चावी फिरवली, सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी ठणठणीत आहे, पण इंजिन काही सुरू होत नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेंगळुरूला, जुनी गाडी ज्यांनी सांभाळली आहे त्यांनी हा प्रकार कधी ना कधी पाहिलेला असतो.

गंमत अशी, की सव्वाशे वर्षांपूर्वी ही तक्रार अशा शब्दांत कुणी केलीच नसती. कारण तेव्हा सेल्फ नव्हता. इंजिन फिरवायचं ते माणसाने, पुढच्या बाजूला हँडल घालून. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. दोष शोधायलाही तोच माणूस उभा असे. इंजिन हाताने फिरवताना दाब लागतोय की नाही, हे त्याला हातालाच कळे.

मग १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग हा इंजिनियर पुढे आला. त्याने दोन कामं केली. आधी १९१० च्या कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी इग्निशन दिली: बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट. मग १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा विजेचा स्टार्टर बसला. फोर्डच्या मॉडेल टी ला तो मिळायला १९१९ उजाडलं, पण पुढे हँडल हळूहळू मागे पडत गेलं.

म्हणजे इंजिन फिरवणारी यंत्रणा आणि ठिणगी देणारी यंत्रणा, दोन्ही एकाच माणसाच्या हातून आल्या, पण कामं मात्र वेगळी राहिली. पहिली चालते आणि दुसरी चालत नाही, तेव्हा आपली तक्रार जन्माला येते. सेल्फ फिरतोय याचा अर्थ इतकाच, की बॅटरी आणि स्टार्टर बरे आहेत. इंजिनाबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही.

इंजिनाला सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, पुरेसं पेट्रोल आणि सिलिंडरमध्ये दाब. केटरिंगची पद्धत पुढे साठ-सत्तर वर्षं जगभर चालली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट घ्या, ती पद्मिनी झाली तरी तीच. ठिणगीचं काम पॉइंट आणि कंडेन्सर करायचे. पेट्रोलचं काम इंजिनावर बसवलेला साधा पंप आणि कार्ब्युरेटर करायचे. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. म्हणून मेकॅनिकचा नियम सोपा होता. ठिणगी बघ. आली, तर पेट्रोल बघ. एका वेळी दोन्ही बंद पडणं म्हणजे दुर्मिळ योगायोग. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला, प्लग साफ केले, की निम्म्या गाड्या सुरू.

हा नियम बदलला तो जर्मनीत. स्टुटगार्टच्या बॉश कंपनीने १९७९ मध्ये मोट्रॉनिक नावाची यंत्रणा बाजारात आणली आणि ती प्रथम बीएमडब्ल्यूच्या ७३२ आय या गाडीत बसली. तिच्यात ठिणगी आणि पेट्रोल, दोन्हींचा हिशेब एकच छोटा संगणक करू लागला. धुराचे नियम कडक होत होते, पेट्रोल महाग झालं होतं. दर क्षणी नेमकं किती पेट्रोल आणि नेमकी कधी ठिणगी, हे पॉइंट आणि कार्ब्युरेटरला जमणारं काम नव्हतं.

हीच यंत्रणा १९८२ पासून पोर्शे ९४४ या स्पोर्ट्स कारमध्ये आली. २४७९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. जर्मनीतल्या नेकारझुल्मच्या कारखान्यात, १९९१ पर्यंत, सुमारे १ लाख ६३ हजार ९४४ बनल्या. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेत गेल्या, आणि आज तिशी-चाळीशी ओलांडून त्या हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये उभ्या आहेत. सेल्फ फिरतो आणि सुरू होत नाही, ही तक्रार या गाडीची ओळखच बनली आहे. म्हणून उदाहरण म्हणून तीच घेऊ.

९४४ च्या इंजिनामागे, फ्लायव्हीलजवळ, दोन सेन्सर शेजारीशेजारी बसतात. एक फ्लायव्हीलच्या कडेचे दात मोजतो, दुसरा एका खुणेकडे लक्ष ठेवतो. पहिला वेग सांगतो, दुसरा इंजिन नेमकं कुठल्या स्थितीत आहे ते सांगतो. हे दोन संदेश मिळाल्याशिवाय संगणक ठिणगी देत नाही, आणि पेट्रोल पंपही चालू करत नाही. पंप बंद ठेवण्यामागे सुरक्षेचा विचार आहे. अपघातात इंजिन थांबलं तर पंप पेट्रोल ढकलत राहू नये.

आता पाहा, जुना नियम इथे कसा फसतो. एक सेन्सर गेला, की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. मागे टाकीजवळ कान लावला तर पंप गप्प. मालक म्हणतो, पंप जळाला. नवा पंप आणतो, गाडी तशीच. मग कॉइल बदलतो, मग संगणक. प्रत्येक वस्तू महाग, आणि दोष मात्र जागच्या जागी. ज्याच्याकडे जुना नियम पक्का आहे, तोच इथे जास्त चुकतो.

दुसरी जागा एका छोट्या रिलेची आहे. एकाच डबीत दोन रिले: एक संगणकाला वीज देतो, दुसरा पंपाला. उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी डबीतले डाग सुटतात. गाडी थंड असताना चालते, तापल्यावर रुसते, उद्या पुन्हा चालते. डबी उघडून भिंगाखाली पाहिलं, तर डागाभोवती बारीक काळी गोल चीर दिसू शकते.

मग क्रम कोणता? आधी बेल्ट. या इंजिनात कॅमशाफ्ट रबरी टायमिंग बेल्टवर फिरतो. तो तुटला किंवा सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. अशा वेळी सेल्फ मारत राहणं म्हणजे नुकसान वाढवणं. नेहमीपेक्षा सेल्फ हलका आणि भराभर फिरतोय असं वाटलं, की थांबा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. आतला रोटर कॅमशाफ्टच्या टोकावर असतो. पाना लावून इंजिन हाताने हळूच फिरवा. रोटर हलला नाही, तर बेल्ट गेला. हललाच, तर बेल्ट शाबूत आहे, पण एखादा दात सरकलाय का हे टायमिंगच्या खुणा जुळवूनच कळतं.

बेल्ट ठीक असेल, तर सेल्फ मारताना टॅकोमीटरकडे बघा. काटा थोडा थरथरला, तर सेन्सरचे संदेश पोहोचत आहेत, संगणक जागा आहे असं धरायला हरकत नाही. मग पंप, फ्यूज, कॉइल, रोटर, प्लग यांच्याकडे वळा. काटा मेल्यासारखा पडून राहिला, तर पंप विकत घेऊ नका. आधी रिले बदलून पाहा, मग दोन्ही सेन्सर, त्यांच्या वायरी आणि जोड. ती जागा इंजिनाच्या मागच्या बाजूची, उष्णतेची आणि तेलाची. वायरीचं आवरण तिथे ठिसूळ होतं.

एक सावधगिरी. ठिणगी पाहण्यासाठी वायर हवेत धरू नका. त्याने संगणकाचं नुकसान होऊ शकतं, आणि जुन्या रबरी नळ्यांतून पेट्रोल झिरपत असेल तर आग लागते. ठिणगी तपासायचं साधन मिळतं, तेच वापरा.

तर मंडळी, केटरिंगच्या काळात ठिणगी आणि पेट्रोल दोन वेगळे संशयित होते. मोट्रॉनिकने दोघांची सूत्रं एका हातात दिली. म्हणून १९८० नंतरच्या गाडीत दोन्ही एकाच वेळी गायब झाले, तर तो योगायोग समजू नका. दोघांना हुकूम कुठून येतो तिकडे बघा. नव्या पार्टवर पैसे टाकण्याआधी दोन मिनिटं एवढाच विचार केला, तरी खर्च वाचतो आणि कधीकधी अख्खं इंजिन वाचतं.

आजचा भाग इथेच संपवतो. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर तिची ठिणगी पॉइंटवर आहे की संगणकावर, हे एकदा बॉनेट उघडून पाहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.