दुकानाची फळी आणि कायदा : अमेरिकेतील हिंसक व्हिडिओ गेमच्या वादाचा इतिहास

१९७६ ते २०११ या साडेतीन दशकांत अमेरिकेतील शहरांनी, राज्यांनी आणि संघीय संसदेच्या सदस्यांनी हिंसक व्हिडिओ गेम मुलांच्या हाती पडू नयेत म्हणून वारंवार प्रयत्न केले. परंतु हिंसेच्या कारणावरून अल्पवयीनांना होणारी विक्री रोखणारे जे जे कायदे न्यायालयात नेले गेले, त्यांपैकी एकही अखेरपर्यंत टिकला नाही. असे असूनही याच काळाच्या शेवटी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला असा खेळ दुकानातून एकट्याने विकत घेणे पूर्वीच्या मानाने पुष्कळच अवघड झाले होते. कायदा न्यायालयात हरत राहिला आणि त्याला जे साधायचे होते ते बव्हंशी कायद्यावाचूनच साधले गेले. या विसंगतीचा उलगडा करायचा तर खेळ बनवणारा आणि खेळणारा यांच्यापेक्षा खेळ विकणाऱ्या दुकानदाराच्या भूमिकेकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

या वादाचा साचा व्हिडिओ गेम जन्माला येण्यापूर्वीच तयार झाला होता. १९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांनी गुन्हेगारी आणि भयकथांच्या कॉमिक्समुळे, म्हणजे चित्रकथांच्या स्वस्त पुस्तिकांमुळे, मुले बिघडतात असा आरोप करणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी बालगुन्हेगारीचा विचार करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये या विषयावर सुनावणी घेतली. सरकारी बंदीची वाट न पाहता प्रकाशकांनी 'कॉमिक्स कोड अथॉरिटी' ही स्वतःची नियामक संस्था उभी केली. तिचा शिक्का नसलेले अंक वितरक उचलेनात आणि भयकथांचे अनेक अंक बंद पडले. हीच लाट अटलांटिक ओलांडून ब्रिटनमध्ये गेली तेव्हा तेथे १९५५ मध्ये संसदेने थेट कायदा केला. भारतातही १९५६ मध्ये 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) अ‍ॅक्ट' आला आणि त्याने वीस वर्षांखालील व्यक्तींना बिघडवू शकतील अशी गुन्हे, हिंसा व क्रौर्य रंगवणारी प्रकाशने विकणे हा गुन्हा ठरवला. भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा दिलेली असल्याने येथे ते शक्य झाले. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या १७९१ च्या तरतुदीत, अशा निर्बंधांची यादी नाही. शिवाय रक्तपाताच्या कथा छापणाऱ्या मासिकांवर बंदी घालणारा न्यूयॉर्क राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच संदिग्धतेच्या कारणावरून रद्द केला होता.

व्हिडिओ गेमवरील पहिला मोठा गदारोळ १९७६ मध्ये झाला. कॅलिफोर्नियातील एक्झिडी या कंपनीच्या 'डेथ रेस' या खेळात खेळाडू मोटार चालवून पडद्यावर पळणाऱ्या आकृत्या चिरडत असे आणि चिरडलेल्या प्रत्येक आकृतीच्या जागी थडग्याचा क्रूस उगवत असे. ही माणसे नसून भुते आहेत असा खुलासा कंपनीने केला. पण आकृत्या इतक्या ओबडधोबड होत्या की पाहणाऱ्याला त्यात माणूसच दिसत असे. हे खेळ तेव्हा नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवर, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळले जात. त्यामुळे नगरपालिकांचे नियंत्रणही खेळातील आशयावर नसून जागेवर असे. परवाने, शाळेपासूनचे अंतर आणि खेळाडूचे वय ही त्याची साधने होती. टेक्सासमधील मेस्किट शहराने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय अशी यंत्रे वापरण्यास मनाई केली होती आणि तो वाद १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, तरी खेळात काय दाखवले जाते हा त्यातला प्रश्न नव्हता. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयाने तर व्हिडिओ गेम हे बुद्धिबळ किंवा पिनबॉलसारखे निव्वळ खेळ असून त्यांना अभिव्यक्ती म्हणून संरक्षण नाही, असे ठरवले. बंदीचे समर्थक पुढे जे कायदे करू पाहत होते त्यांना हा निर्णय अत्यंत सोयीचा होता. पण खेळांची चित्रे आणि कथानके जसजशी समृद्ध झाली तसतशी ही भूमिका टिकेनाशी झाली.

खेळ पार्लरमधून घरात आले तेव्हा वादाची जागा बदलली आणि खेळण्यांच्या दुकानाची फळी हे नवे रणक्षेत्र ठरले. शिकागोच्या मिडवे कंपनीचा 'मॉर्टल कॉम्बॅट' हा द्वंद्वयुद्धाचा खेळ १९९२ मध्ये पार्लरमध्ये आला. खऱ्या अभिनेत्यांचे चित्रण संगणकीय प्रतिमांमध्ये उतरवल्यामुळे त्यातले रक्त आणि हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला अखेरीस ठार मारण्याचे प्रकार पूर्वीच्या खेळांपेक्षा फार वास्तव वाटत. १३ सप्टेंबर १९९३ रोजी हा खेळ घरगुती यंत्रांसाठी विक्रीस आला. अशी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांपैकी निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीत रक्ताच्या जागी करडा घाम दाखवला, तर सेगाच्या आवृत्तीत कळांचा एक गुप्त क्रम दाबला की रक्त दिसू लागे. विक्रीत सेगाची आवृत्ती पुढे गेली. संयम पाळणाऱ्याला बाजार शिक्षा करतो, हा धडा त्यातून दोन्ही कंपन्यांना मिळाला आणि सर्वांवर सारखेच बंधन असावे या कल्पनेला उद्योगात अनुकूलता निर्माण होण्यामागे हेही एक कारण होते.

९ डिसेंबर १९९३ रोजी सिनेटर जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल यांनी वॉशिंग्टनमध्ये या विषयावर सुनावणी घेतली. तेथे 'मॉर्टल कॉम्बॅट'इतकाच 'नाइट ट्रॅप' हा चित्रफितींवर आधारलेला खेळ गाजला. त्यात खेळाडूने एका घरातील कॅमेऱ्यांतून लक्ष ठेवून तेथे जमलेल्या मुलींना हल्लेखोरांपासून वाचवायचे असे. पण वाचवण्यात अपयश आल्यावर दिसणारे दृश्य तेवढे सुनावणीत चर्चिले गेल्याने मुलींवर हल्ला करणे हाच खेळाचा हेतू असल्याचा समज पसरला. सुनावणीनंतर काही दिवसांतच 'टॉइज आर अस' या खेळण्यांच्या साखळी दुकानांनी 'नाइट ट्रॅप' फळीवरून उतरवला आणि पुढच्या महिन्यात सेगानेच तो बाजारातून मागे घेतला. कोणत्याही कायद्याने ही विक्री थांबवली नव्हती. दरम्यान सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, टेक्सासमधील इड सॉफ्टवेअरने 'डूम' हा बंदुकीचा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावरून उतरवून घेण्यासाठी खुला केला. त्याचा पहिला भाग फुकट असे आणि उरलेले भाग थेट कंपनीकडून मागवता येत. फळीवर न येताही खेळ घरोघरी पोहोचू शकतो हे त्यातून दिसले होते. परंतु चर्चा मुख्यतः दुकानाभोवतीच चालू राहिली.

संसदेने सरकारी मंडळ नेमण्याआधी उद्योगाने स्वतः श्रेणी ठरवाव्यात, असा इशारा लिबरमन यांनी विधेयक मांडून दिला. चाळीस वर्षांपूर्वी कॉमिक्सच्या प्रकाशकांनी जे केले तेच खेळांच्या कंपन्यांनी केले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये 'एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड', म्हणजे 'ईएसआरबी', हे मंडळ स्थापन झाले. प्रकाशकाने खेळातील तीव्र प्रसंगांचे चित्रीकरण आणि माहिती मंडळाकडे द्यायची, मंडळाच्या परीक्षकांनी श्रेणी ठरवायची आणि ती खोक्यावर छापायची, अशी ही पद्धत आहे. 'एम' ही श्रेणी सतरा वर्षे व त्यापुढील खेळाडूंसाठी, तर 'एओ' ही केवळ प्रौढांसाठी असते. श्रेणी घेणे कायद्याने सक्तीचे नाही. परंतु मोठी साखळी दुकाने श्रेणी नसलेला किंवा 'एओ' श्रेणीचा खेळ ठेवत नाहीत आणि घरगुती यंत्रे बनवणाऱ्या कंपन्याही त्याला परवानगी देत नाहीत, त्यामुळे त्या श्रेणीचा शिक्का व्यवहारात बंदीच्या हुकमासारखा ठरतो. २००५ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या खेळात दडवलेला लैंगिक प्रसंग उघडकीस आल्यावर मंडळाने त्याची श्रेणी 'एम'वरून 'एओ' केली आणि तो दुकानांतून तातडीने काढला गेला.

एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या हत्याकांडानंतर, हल्लेखोर 'डूम' खेळत असत या बातमीमुळे, स्वयंनियमन पुरेसे नाही अशी भावना बळावली. संघीय व्यापार आयोगाने २००० मध्ये पालकांविना मुलांना दुकानांत पाठवून पाहणी केली तेव्हा त्यांच्यापैकी ८५ टक्के मुलांना 'एम' श्रेणीचा खेळ विकत मिळाला. मग कायद्यांची रांग लागली. इंडियानापोलिसने २००० मध्ये पार्लरमधील हिंसक यंत्रांवर निर्बंध घातले. २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पोलिसांवरील हिंसा दाखवणारे खेळ अल्पवयीनांना विकण्यास मनाई केली. २००५ मध्ये इलिनॉय राज्याने आणि २००६ मध्ये मिनेसोटाने आपापले कायदे केले, त्यांतील मिनेसोटाच्या कायद्यात दुकानदाराऐवजी खेळ घेणाऱ्या मुलालाच २५ डॉलर दंड होता. हे सर्व न्यायालयात अडले. त्यांतील सर्वांत प्रभावी विवेचन इंडियानापोलिसच्या खटल्यात २००१ मध्ये न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी केले. हिंसा हा साहित्याचा होमरपासून चालत आलेला विषय आहे, वाचकही कथेत स्वतःला गुंतवतोच आणि अठराव्या वर्षी मतदार होणाऱ्या मुलांना तोवर सर्व अप्रिय कल्पनांपासून दूर ठेवले तर ती जगाला सामोरी जाण्यास असमर्थ ठरतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

या मालिकेचा शेवट कॅलिफोर्नियाच्या कायद्याने झाला. राज्य विधिमंडळाचे सदस्य लेलँड यी यांनी मांडलेल्या आणि हिंसक चित्रपटांचे नायक म्हणून गाजलेले राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये स्वाक्षरी केलेल्या या कायद्यानुसार, मानवी प्रतिमेची हत्या, अंगच्छेद किंवा लैंगिक अत्याचार करण्याचा पर्याय देणारा, विकृत आकर्षण चाळवणारा आणि अल्पवयीनांच्या दृष्टीने गंभीर कलामूल्य नसलेला खेळ अठरा वर्षांखालील मुलांना विकल्यास किंवा भाड्याने दिल्यास प्रत्येक वेळी १,००० डॉलरपर्यंत दंड होणार होता. ही शब्दयोजना सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या गिन्सबर्ग खटल्यावरून बेतलेली होती. त्या खटल्यात, प्रौढांना कायदेशीर असलेले लैंगिक साहित्य अल्पवयीनांना विकण्यास राज्य मनाई करू शकते, असे ठरले होते. कॅलिफोर्नियाला हाच नियम हिंसेला लावून हवा होता. कायद्याला आव्हान देणाऱ्यांत विक्रेत्यांची संघटना आघाडीवर होती, कारण दंड त्यांनाच भरावा लागणार होता.

२७ जून २०११ रोजी 'ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द केला. बहुमताचे निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी सांगितले की लैंगिक साहित्याला वेगळे काढण्याची परंपरा अमेरिकेत आहे, पण मुलांना हिंसेच्या चित्रणापासून दूर ठेवण्याची नाही. ग्रिम बंधूंच्या परीकथांतील क्रूर शिक्षा त्यांनी याचा पुरावा म्हणून मांडल्या. आशयावर निर्बंध घालणाऱ्या कायद्याला 'कठोर कसोटी' लावली जाते, म्हणजे राज्याची निकड अटळ आहे आणि उपाय नेमका तेवढ्यापुरता आहे हे राज्याला सिद्ध करावे लागते. मानसशास्त्रीय अभ्यासांनी हिंसक खेळ आणि आक्रमकता यांत फार तर सहसंबंध दाखवला होता, कार्यकारणभाव नव्हे, आणि तो परिणामही व्यंगचित्रपटांच्या परिणामाहून वेगळा काढता येत नव्हता, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी निष्कर्षाशी सहमत होताना, नव्या तंत्रज्ञानाचा अनुभव पुस्तकासारखाच मानण्याची घाई नको, असा इशारा दिला. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांचा आक्षेप अधिक टोचणारा होता : तेरा वर्षांच्या मुलाला नग्न चित्राचे मासिक विकता येत नाही, मग त्याच चित्रातील स्त्रीचा छळ करून तिला मारू देणारा खेळ विकण्याला संरक्षण कसे, या त्यांच्या प्रश्नाला बहुमताकडे परंपरेखेरीज दुसरे उत्तर नव्हते.

निकालातील एक मुद्दा मात्र या इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ईएसआरबीची श्रेणीपद्धती आणि दुकानांची वयाची तपासणी चांगली चालली असल्याने उरलेली फट बुजवण्यासाठी कायद्याची निकड नाही, असे न्यायालयाने म्हटले. २००० मधील ८५ टक्क्यांचे प्रमाण व्यापार आयोगाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३ टक्क्यांवर आले होते. गल्ल्यावर बारकोड वाचला जाताच ग्राहकाचे वय विचारण्याची सूचना देणाऱ्या यंत्रांचा त्यात मोठा वाटा होता. थोडक्यात, कायद्याच्या धाकाने निर्माण झालेली खाजगी व्यवस्थाच अखेरीस कायदा अनावश्यक असल्याचा पुरावा ठरली.

या तोडग्याची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. सरकारने बंदी घातली असती तर तिची व्याख्या तपासता आली असती, तिच्यावर सुनावणी झाली असती आणि अपीलही करता आले असते. दुकानदाराने फळीवरून उतरवलेल्या खेळाला असा कोणताही मार्ग नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे वॉलमार्ट या साखळी दुकानांच्या कंपनीच्याच एका दुकानात हत्याकांड झाल्यावर त्या कंपनीने हिंसक खेळांच्या जाहिराती आणि प्रात्यक्षिके दुकानांतून हटवली, मात्र खेळांची विक्री चालूच ठेवली. या निवडीमागील तर्क कोणत्याही न्यायालयापुढे मांडण्याची गरज तिला नव्हती. शिवाय तोवर खेळांची बरीच विक्री इंटरनेटवर गेल्याने वयाची तपासणी विक्रेत्याकडून पालकांनी उघडलेल्या खात्यांकडे सरकली होती. मुलांसाठी काय योग्य हे राज्याने ठरवू नये, एवढेच २०११ च्या निकालाने सांगितले. ते पालकांनी ठरवायचे की विक्रेत्याने, हा प्रश्न त्याने बाजाराच्या सवयीवर सोडून दिला आणि अमेरिकेत तो आजही तसाच अनिर्णित आहे.