श्रवणदोष, खूणभाषा आणि पुनर्वसन : विल्यम स्टोकी यांच्या संशोधनाचे ऐतिहासिक स्थान

श्रवणदोष असलेल्या व्यक्तीचे पुनर्वसन म्हणजे नेमके कशाचे पुनर्वसन? कानाचे, वाणीचे की भाषेचे? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला जे नवे वळण मिळाले, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका साहित्याभ्यासकाकडे जाते. विल्यम स्टोकी (१९१९–२०००) हे मध्ययुगीन इंग्रजीचे अभ्यासक होते. १९५५ मध्ये ते वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

त्या वेळच्या शिक्षणविचारावर १८८० च्या मिलान परिषदेची छाया होती. वाचिक पद्धत हीच श्रेष्ठ, असा ठराव या परिषदेने केला होता. त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. ओष्ठवाचन आणि उच्चारशिक्षण हेच शिक्षणाचे साध्य ठरले. गॅलॉडेटमध्ये खुणांचा वापर टिकून होता. परंतु तेथेही विद्यार्थ्यांच्या आपसांतील खुणा म्हणजे मोडकेतोडके इंग्रजी, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

स्टोकी यांनी या खुणांचा अभ्यास एखाद्या अपरिचित भाषेप्रमाणे केला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘साइन लँग्वेज स्ट्रक्चर’ या प्रबंधिकेत त्यांनी वर्णनात्मक भाषाविज्ञानाची पद्धत हस्तमुद्रांना लावली. प्रत्येक खूण ही अखंड चित्राकृती नसून स्थान, हाताचा आकार आणि हालचाल या तीन घटकांनी ती बनते, असे त्यांनी दाखवले. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतील भेद एका ध्वनीवर अवलंबून असतो. त्याचप्रमाणे अमेरिकन खूणभाषेत उघड्या पंजाचा अंगठा हनुवटीला टेकवला तर ‘आई’ आणि कपाळाला टेकवला तर ‘वडील’ असा अर्थ होतो. येथे भेद केवळ स्थानाचा आहे.

भारतीय वाचकाला या विश्लेषणात एक ओळखीची रचना दिसेल. प्रातिशाख्यांच्या परंपरेत वर्णाचा विचार स्थान, करण आणि प्रयत्न यांच्या आधारे होतो. या दोन परंपरांत प्रभावसंबंध मानण्यास आधार नाही. तरीही उच्चारणाचे विश्लेषण मुखापुरते मर्यादित नाही, हे या साम्यातून स्पष्ट होते.

१९६५ मध्ये डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या कर्णबधिर सहकाऱ्यांसह स्टोकी यांनी अमेरिकन खूणभाषेचा कोश सिद्ध केला. त्यातील नोंदींचा क्रम इंग्रजी वर्णमालेनुसार नव्हता, तर खुणांच्या घटकांनुसार होता. कोशरचनेतील हा निर्णय तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा होता. कारण त्यामुळे ही भाषा इंग्रजीची छाया न राहता स्वतःच्या नियमांनी वाचली जाऊ लागली. क्रोनबर्ग यांनी परिशिष्टांत कर्णबधिरांचा विचार भाषिक समुदाय म्हणून केला आणि प्रादेशिक बोलीभेदांचीही दखल घेतली.

या संशोधनाचे आरंभी स्वागत झाले नाही. सहकाऱ्यांकडून उपेक्षा आणि उपहासच वाट्याला आला. त्याच्या मर्यादाही पुढे उघड झाल्या. तळहाताची दिशा हा आणखी एक घटक मानावा लागला. तसेच घटकांच्या एककालिकतेवर स्टोकींनी दिलेला भर अपुरा असून खुणेत क्रमालाही महत्त्व असते, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. मात्र हे सर्व आक्षेप खूणभाषेला भाषा मानूनच घेतले गेले, ही बाब लक्षणीय आहे.

भारतात १९७० च्या दशकात वसिष्ठ, वुडवर्ड आणि विल्सन यांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगळूर येथील खुणांची तुलना केली. शहरागणिक शब्दभेद असले तरी या रूपांत निकटचे नाते असल्याचे त्यांना आढळले. भाषावार प्रांतरचनेच्या देशात हे निरीक्षण विचार करायला लावणारे आहे. कारण या भाषेच्या सीमा मराठी, हिंदी वा बंगालीच्या सीमांशी जुळत नाहीत. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला.

श्रवणयंत्रे आणि कॉक्लिअर इम्प्लांट यांचे मोल या इतिहासाने कमी होत नाही. परंतु श्रवणाची भरपाई होईपर्यंत मुलाची भाषा थांबून राहू शकत नाही. बालपणी भाषेवाचून गेलेली वर्षे पुढे पूर्णतः भरून निघत नाहीत. म्हणूनच पुनर्वसनाचा विचार कानापासून सुरू झाला तरी तो भाषेपर्यंत पोहोचणे आवश्यक ठरते.