क्रांतीच्या शाळेतून सुटलेला विद्यार्थी

साम्यवादाचे नाव काढताच आपल्या ज्ञातीतील काही वडीलधारी मंडळी कपाळास आठ्या घालतात, तर गिरणगावात हयात घालविलेली काही कुटुंबे त्याच नावाने अद्यापि सद्गदित होतात. या दोन्ही पक्षांच्या वाचकांपुढे आम्ही वोल्फगांग लेओनहार्ड या जर्मन गृहस्थाचे चरित्र ठेवीत आहोत. आमचे सारे आयुष्य शाळेत गेले. त्यामुळे या चरित्रातील शाळांकडेच आमचे लक्ष अधिक वेधावे, यात नवल नाही.

लेओनहार्ड यांचा जन्म 16 एप्रिल 1921 रोजी व्हिएन्ना येथे झाला. लेनिनच्या नावावरून मुलाचे नाव व्लादिमिर ठेविले गेले. आई सुझान ही रोझा लक्झेंबुर्ग व कार्ल लीब्कनेख्ट यांच्या परिचयातील कडवी क्रांतिकारक होती. हिटलरच्या भयाने मायलेक 1935 साली मॉस्कोस पोहोचली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1936 मध्ये, स्टॅलिनच्या पोलिसांनी सुझानबाईंस पकडून नेले. मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि परदेशी साम्यवाद्यांच्या मुलांसाठी चालविलेल्या वसतिगृहात राहात होता. कालांतराने आईचे पत्र आले, ते उत्तर ध्रुवाकडील व्होर्कुताच्या बंदिवासातून!

येथे वाचक विचारील की, हा मुलगा त्याच दिवशी पक्षावर रुष्ट का झाला नाही? तो झाला नाही, हेच खरे. तो युवक संघटनेत राहिला, अभ्यासात पुढे गेला. आईच्या बाबतीत काही चूक झाली असावी, पण ध्येय चुकलेले नाही, अशी मनाची समजूत त्याने घातली. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेविले. त्यात लपवाछपवी केली नाही. आम्हांस त्याचे मोठेपण येथे दिसते.

महायुद्धात जर्मन म्हणून त्यास कझाकस्तानातील कारागांदाकडे हद्दपार केले गेले. तेथून 1942 मध्ये उफा शहराजवळील कुश्नारेन्कोवो येथे आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेच्या गुप्त विद्यालयात त्याची निवड झाली. विद्यार्थ्यांनी खरे नाव कोणास सांगावयाचे नाही, असा तेथील दंडक होता. परंतु एक विलक्षण सवलतही होती. शत्रूचे म्हणणे खोडून काढावयाचे तर ते आधी समजले पाहिजे, म्हणून नाझींचे मूळ लिखाण तेथे वाचावयास मिळे. बाहेर हे अशक्य होते. विरोधकाचा ग्रंथ त्याच्याच शब्दांत वाचण्याची ही सवय पुढे पक्षासच महाग पडली.

1945 च्या 30 एप्रिलला उल्ब्रिख्ट यांच्या तुकडीतील सर्वांत तरुण सभासद म्हणून ते मॉस्कोहून जर्मनीत परतले. ‘व्लादिमिर’ हे नाव फार रशियन वाटते म्हणून त्याचे ‘वोल्फगांग’ झाले. बर्लिनमध्ये नव्या नगरपालिका उभारताना बाहेरून सारे लोकशाही दिसावे, पण सूत्रे आपल्याच हाती असावीत, ही उल्ब्रिख्ट यांची शिकवण त्यांनी कानांनी ऐकली. पुढे ते पक्षाच्या उच्च विद्यालयात शिक्षक झाले. बारा वर्षांच्या वनवासानंतर 1948 मध्ये आई परत आली. त्याच वर्षी जूनमध्ये युगोस्लाव्हियास साम्यवादी गोटातून बहिष्कृत केले गेले. लेओनहार्ड यांनी टिटोचे म्हणणे वाचले, आणि त्यांस ते पटले. मार्च 1949 मध्ये ते प्रागमार्गे बेलग्रेडला निसटले. तेव्हा त्यांस अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

पश्चिम जर्मनीत 1955 साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. क्रांती आपलीच पोरे गिळते, हे वचन फ्रेंच राज्यक्रांतीपासून प्रसिद्ध आहे. लेओनहार्ड यांनी पुस्तकाच्या नावात ‘गिळते’ याऐवजी निराळे क्रियापद घातले. जर्मन जाणणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी सांगितले की, हे क्रियापद नोकरीतून काढून टाकणे याही अर्थी येते, आणि शाळा संपलेल्या मुलास निरोप देणे याही अर्थी!

1966 ते 1987 पर्यंत त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात सोव्हिएत इतिहास शिकविला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉर्ज डब्ल्यू. बुश हे त्यांच्या वर्गात बसत. एके काळी पक्षाच्या शाळेत पाठ दिलेला विषयच ते आता विरुद्ध बाजूने उलगडून सांगत होते. मात्र ज्या सहाध्यायांस ते मागे सोडून आले, त्यांची टवाळी त्यांनी केली नाही. 17 ऑगस्ट 2014 रोजी ते निवर्तले.

आईनेही आपली कहाणी लिहिली. मुलाच्या पुस्तकानंतर एका वर्षाने, 1956 मध्ये, ती छापली गेली. तिच्या नावाचा अर्थ ‘चोरलेले आयुष्य’ असा होतो.